नाव नसलेलं बटण

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी आमच्या मजल्यावरचे काका लॅपटॉप काखेत मारून दारात उभे राहिले. "अगं, तुझ्या त्या वाचनालयाच्या साइटवर मला दिवाळी अंकांसाठी नाव नोंदवायचंय. अर्धा तास झाला, दारच सापडत नाहीये."

काकांची नजर काचबिंदूने गेली त्याला बारा वर्षं झाली. बँकेतून निवृत्त झाल्यावर ते हट्टाने पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर शिकले. विजेचं बिल, मुलीला पाठवायचे मेल, बँकेचे व्यवहार, सगळं स्वतः करतात. दिवाळी अंक काकू मोठ्याने वाचतात आणि काका ऐकतात. पण नाव नोंदवणं, मुदत वाढवून घेणं, पुढचा अंक राखून ठेवणं ही कामं काकांची. मुलुंडच्या त्या वाचनालयाची साइट मी बनवून दिली होती. दिसायला देखणी होती, कार्यकारिणीने कौतुकही केलं होतं.

मी त्यांच्या शेजारी बसले. काकांनी टॅबची कळ दाबली. लॅपटॉप म्हणाला, "लिंक." पुन्हा टॅब. "बटन." पुन्हा. "बटन." पुन्हा. "बटन." मग, "लिंक, आयएमजी अंडरस्कोर दोन शून्य दोन तीन शून्य आठ एक चार." काका थांबले. "यातलं शोधायचं बटण कुठलं?"

साइटच्या वरची ती बटणांची पट्टी मला डोळे मिटून सांगता आली असती. भिंग म्हणजे शोध, माणसाची आकृती म्हणजे माझं खातं, तीन आडव्या रेघा म्हणजे मेनू. पण हे सगळं मी फक्त चित्रात ठेवलं होतं. काकांच्या कानाला तीन सारखी, बिननावाची बटणं लागत होती. तीन दारं, एकावरही पाटी नाही.

पुढचे दोन महिने मी ती साइट उसवून पुन्हा शिवली. वेबसाइट सुगम्य करणं, आमच्या धंद्यातल्या भाषेत ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे नेमकं काय हे मला त्या कामात कळलं. ते इथे सांगते आहे. कोड न लिहिणाऱ्यांनीही वाचावं, कारण साइट बनवून घेणारे तेच असतात: संस्थेचे सचिव, शाळेचे मुख्याध्यापक, दुकानाचे मालक. काय मागायचं हे त्यांना ठाऊक असेल तर बनवणाऱ्याला ते द्यावंच लागतं.

कान काय वाचतो

स्क्रीन रीडर हा पडद्यावरचा मजकूर आवाजात सांगणारा प्रोग्राम. विंडोजवर चालणारा एनव्हीडीए पूर्णपणे मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने तो २००६ मध्ये लिहायला घेतला. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतो, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. म्हणजे तुमच्या हातातल्या फोनमध्येही स्क्रीन रीडर आधीपासून आहे, फक्त सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा.

हा प्रोग्राम आपल्यासारखा पान बघत नाही. तो पानाखालचा कोड वाचतो आणि प्रत्येक वस्तूबद्दल तीन गोष्टी सांगायचा प्रयत्न करतो: ही वस्तू काय आहे, तिचं नाव काय, आणि आत्ता ती कुठल्या अवस्थेत आहे. "शोधा, बटन." "मराठी कादंबऱ्या, चेकबॉक्स, खूण केलेली." यातलं नाव कोडमध्ये कुणीतरी लिहावं लागतं. मी लिहिलं नव्हतं, म्हणून लॅपटॉप नुसतं "बटन" म्हणून गप्प बसला. भिंगाच्या चित्राला "शोधा" असं नाव द्यायला एक ओळ लागते. तिन्ही बटणांची मिळून तीन मिनिटं लागली. काकांचा अर्धा तास आणि माझी तीन मिनिटं, हा हिशोब अजून मनातून जात नाही.

आणखी एक घोडचूक होती. मेनूचं बटण मी बटण म्हणून लिहिलंच नव्हतं. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान ज्या भाषेत लिहितात तिच्यात, साधा चौकोन काढायचा, त्याला रंग द्यायचा आणि क्लिक केल्यावर काहीतरी घडेल असं करायचं, ही पद्धत फार बोकाळली आहे. डोळ्याला तो चौकोन बटण वाटतो. ब्राउझरच्या लेखी तो रिकामा डबा असतो. कीबोर्डने तो दाबता येत नाही, स्क्रीन रीडरला ते बटण आहे हे कळत नाही. मी वरवर "हे बटण आहे, टॅबने इथे थांब" एवढी चिठ्ठी डकवली होती, म्हणून "बटन" तरी ऐकू आलं. एंटर दाबल्यावर मात्र काहीच घडत नव्हतं. खरा बटणाचा टॅग, म्हणजे त्या भाषेतली बटणाची ठरलेली खूण, वापरला की हे सगळं आपोआप मिळतं. सुगम्यतेचं निम्मं काम म्हणजे एचटीएमएल जसं आहे तसं, सरळ वापरणं.

पानभर कसं फिरतात, तेही समजून घ्या. कुणी वरपासून खालपर्यंत सगळं ऐकत बसत नाही. आपण जशी पानावरून नजर फिरवतो, तशी स्क्रीन रीडर वापरणारी माणसं कळांनी उड्या मारतात. एनव्हीडीएमध्ये एच दाबला की पुढचं हेडिंग, के दाबला की पुढची लिंक, बी दाबला की पुढचं बटण. काका हे इतक्या भरभर करतात आणि आवाजाचा वेग इतका ठेवतात, की पहिल्या दिवशी मला एक शब्द कळत नव्हता. माझ्या पानावर त्यांनी एच दाबला तेव्हा उत्तर आलं, पुढे हेडिंग नाही. "नवी पुस्तकं", "सूचना", "वेळ" ही हेडिंगं मी अक्षर मोठं आणि ठळक करून बनवली होती. वर्ड फाइलमध्येही आपण हेच करतो. मोठं अक्षर डोळ्याला हेडिंग वाटतं, कानाला नाही. कोडमध्ये हेडिंग म्हणून लिहिलं, पहिल्या पातळीचं एक आणि त्याखाली दुसऱ्या पातळीची, की काकांच्या हातात पानाची अनुक्रमणिका येते.

मुखपृष्ठाला काय नाव द्यायचं

आता त्या "आयएमजी अंडरस्कोर"कडे येते. ते एका पुस्तकाचं मुखपृष्ठ होतं. चित्रावर लिंक होती, चित्राला शब्द दिलेले नव्हते, म्हणून स्क्रीन रीडरने बिचाऱ्याने फाइलचं नाव वाचलं. चित्राच्या बदली जे शब्द द्यायचे त्याला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात.

इथे माणसं दोन टोकांना जातात. एक तर काहीच लिहीत नाहीत, किंवा प्रत्येक चित्राला चार ओळी लिहितात. विचारायचा प्रश्न सोपा आहे: हेच पान मी फोनवर कुणाला वाचून दाखवत असते, तर या चित्राच्या जागी काय बोलले असते? मुखपृष्ठाखाली पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव आधीच छापलेलं होतं. फोनवर मी ते दोनदा बोलले नसते. म्हणून चित्र आणि नाव एकाच लिंकमध्ये घेतलं आणि चित्राचा ऑल्ट मुद्दाम रिकामा ठेवला. रिकामा ठेवणं आणि लिहायला विसरणं यात फरक आहे. रिकामा ऑल्ट म्हणजे "हे सोडून पुढे जा" अशी सूचना. ऑल्टच नसेल तर स्क्रीन रीडर चाचपडत राहतो.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाच्या फोटोला आधी "फोटो १" होतं. तिथे आता "वाचनालयाच्या अंगणात पुस्तकं चाळणारे वाचक, मागे गुढी" असं आहे. "चा फोटो" असं वेगळं लिहायची गरज नाही, ते चित्र आहे हे स्क्रीन रीडर सांगतोच.

खरी पंचाईत पोस्टरची. व्याख्यान कुणाचं, कधी, कुठे, सगळं एका चित्रात कोंबायचं आणि साइटवर, व्हॉट्सॲपवर टाकून मोकळं व्हायचं, ही आपल्या सगळ्या मंडळांची, सोसायट्यांची सवय. पाण्याच्या टाक्या कधी धुणार याची नोटीससुद्धा फोटो काढून ग्रुपवर येते. त्या फोटोखाली दोन ओळी टाइप करून टाका. काकांना तर उपयोग होईलच, पण "बुधवारी पाणी नाही" हे ग्रुपमध्ये नंतर शोधायचं असेल तर तुम्हालाही तेच सापडेल, फोटो सापडणार नाही.

मराठीची स्वतःची अडचण

सुगम्यतेवरचं बहुतेक लेखन इंग्रजी साइट डोळ्यांसमोर ठेवून केलेलं असतं. आपल्या भाषेच्या काही गोष्टी त्यात येत नाहीत, म्हणून इथे जरा थांबते.

पानाच्या अगदी वरच्या ओळीत ते कुठल्या भाषेत आहे हे लिहायचं असतं. मराठीची खूण आहे 'एमआर'. तयार टेम्प्लेट घेऊन बनवलेल्या मराठी साइटवर तिथे बहुतेक वेळा इंग्रजीची खूण तशीच राहून गेलेली असते. मग स्क्रीन रीडरचा आवाज गोंधळतो. काही आवाज देवनागरी हिंदी समजून वाचतात, काही अडखळतात, काही सोडूनच देतात. दोन अक्षरं बदलली की मराठी आवाज बसवलेल्या माणसाला मराठी मराठीसारखं ऐकू येतं. मधे एखादा पूर्ण इंग्रजी परिच्छेद आला, तर तेवढ्यापुरती वेगळी खूण देता येते.

दुसरी अडचण जुन्या फाँटची, आणि ती फार खोल आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक देणारी पद्धत, रुळायच्या आधी आपण कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फाँटमध्ये टाइप करायचो. या फाँटमध्ये मराठी अक्षर हे फक्त कपडे असतात, आत इंग्रजी अक्षर असतं. कृतिदेवमध्ये "मराठी" टाइप करायचं तर कळा दाबाव्या लागतात ई, जे, के, मोठा बी आणि एच. फाँट असेल तर पडद्यावर "मराठी" दिसतं. पण कॉम्प्युटरच्या पोटात साठतं ते ई-जे-के-बी-एच, आणि स्क्रीन रीडर वाचतो तेही तेच. वाचनालयाच्या जुन्या पुस्तकयाद्या अशाच होत्या. त्यातली एक मी काकांना ऐकवली. दोन ओळींनंतर ते म्हणाले, "हे कुठल्या भाषेत आहे?" काकांनी आयुष्यभर वाचलेल्या लेखकांची नावं होती त्यात.

तिसरी गोष्ट स्कॅन केलेल्या पीडीएफची. कागद टाइप करायचा, छापायचा, सही-शिक्का मारायचा, स्कॅन करायचा आणि साइटवर चढवायचा. जे मुळात टाइप केलेलं होतं, त्याचं आपण आपल्या हातांनी चित्र करून टाकतो. स्क्रीन रीडरसाठी ते कोरं पान. सही हवीच असेल तर स्कॅन ठेवा, पण सोबत मूळ युनिकोड मजकूर पानावरच द्या. आम्ही आता सगळ्या सूचना तशाच देतो.

आणि चौथी, अंधुक दिसणाऱ्यांसाठी. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात. इंग्रजीच्या मापाने ओळीची उंची आणि चौकटीचं माप पक्कं करून ठेवलं, की अक्षर मोठं केल्यावर खालचा भाग कापला जातो. माझ्या साइटवर "गुरुवारी बंद" ही पाटी दुप्पट मोठी केली तर "गरुवारी बंद" अशी दिसायची. मजकूर २०० टक्के मोठा केला तरी काहीही कापलं जाता कामा नये, असा नियमच आहे. चौकटीची उंची मजकुरावर सोडून द्यायची, पिक्सेलमध्ये बांधून ठेवायची नाही.

एकच गोष्ट दोन वाटांनी

हे सगळं अंधांपुरतं आहे असं वाटत असेल तर मुलुंडहून स्लो लोकलमध्ये चढा. "पुढील स्टेशन, ठाणे" असं आवाजात येतं आणि डब्यातल्या पट्टीवर अक्षरांतही दिसतं. ज्याला दिसत नाही तो ऐकतो, ज्याला ऐकू येत नाही तो वाचतो. गर्दीत कुणाच्या तरी बॅगेत नाक खुपसून उभा असलेला माणूस खिडकीबाहेर बघू शकत नाही, तोही ऐकतो. दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे फलाटावर पीप-पीप असा आवाज चालू असतो, म्हणजे डोळे नसतील तरी कानाने जागा सापडते. चांगल्या साइटचं तत्त्व हेच: महत्त्वाची गोष्ट एकाच वाटेने पाठवायची नाही.

रंगाचं तसंच. वाचनालयाच्या यादीत हिरवा ठिपका म्हणजे पुस्तक उपलब्ध, लाल म्हणजे बाहेर गेलेलं. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्या वाचकाला सगळी पुस्तकं सारखीच. आता ठिपक्याशेजारी "आहे" किंवा "बाहेर" लिहिलेलं असतं. मुंबईच्या मेट्रोला रंग आहे तसा नंबरही आहे, २अ पिवळी आणि ७ लाल. रंग नाही ओळखता आला तरी माणूस चुकत नाही.

अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा रंगही एकमेकांपासून पुरेसा वेगळा हवा. हे मोजता येतं. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १. साध्या मजकुराला निदान ४.५ ला १ हवं, मोठ्या ठळक अक्षराला ३ ला १ चालतं. डिझाइनरांना आवडणारा फिकट राखाडी, कोडमध्ये सहा वेळा ९ असा लिहिला जातो तो, पांढऱ्यावर ३ लाही पोचत नाही. मी तो जागोजागी वापरला होता. मोतीबिंदू झालेल्या आजींना तो दिसत नाही, आणि दुपारी उन्हात फोन धरून स्टेशनबाहेर उभं राहिलात तर तुम्हालाही दिसणार नाही.

हात साथ देत नाहीत तेव्हा

कंपवात, मणक्याची दुखापत, सेरेब्रल पाल्सी, अशा कितीतरी कारणांनी माउस नीट चालवता येत नाही. कुणी कीबोर्ड वापरतं, कुणी एकच मोठं बटण, कुणी आवाजाने हुकूम देतं. आवाजाने चालवणाऱ्यालाही बटणाचं नाव लागतंच. "शोधा दाबा" म्हणायचं तर त्या बटणाचं नाव "शोधा" असायला हवं.

कीबोर्डने फिरताना आपण कुठे आहोत हे सांगणारी एक चौकट बटणाभोवती दिसते. ती कुरूप दिसते म्हणून डिझाइनर काढून टाकतात. मीही काढली होती. ती काढणं म्हणजे माउसवाल्याचा बाण लपवून ठेवण्यासारखं आहे. परत आणली, उलट जाड केली.

बटणांचं मापही बघा. निदान २४ बाय २४ पिक्सेल हवं, आणि शक्य असेल तिथे ४४. एका हाताने लोकलचा दांडा धरून अंगठ्याने फोन चालवणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

सगळ्यात वाईट अवस्था सभासद अर्जाची होती. रकान्याच्या आतच फिकट अक्षरात "पूर्ण नाव", "पत्ता" लिहिलेलं. टाइप करायला लागलं की ते गायब, मग आपण कुठल्या रकान्यात काय लिहीत होतो हे विसरायला होतं. ज्यांना लक्षात ठेवणं जड जातं त्यांना तर फारच. रकान्याचं नाव बाहेर, वर, कायम दिसेल असं हवं आणि कोडमध्ये त्या रकान्याशी बांधलेलं हवं. जन्मतारखेला मी एक सुंदर कॅलेंडर लावलं होतं, महिन्याला एक बाण. काका १९५३ चे. आठशेहून जास्त वेळा मागचा बाण दाबायचा, तोही फक्त माउसने. तिथे आता दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने आहेत. चूक झाली तर रकाना नुसता लाल व्हायचा. आता "मोबाइल नंबर दहा आकडी हवा" असं शब्दांत येतं.

अर्जाची वेळ मधेच संपणं, ओटीपीला अर्धा मिनिट देणं, पासवर्ड पेस्ट करू न देणं, वेडीवाकडी अक्षरं चित्रात दाखवून "मी रोबो नाही" सिद्ध करायला लावणं, हे सगळं बाहेर सर्रास चालतं. एका हॉस्पिटलच्या साइटवर काकांना डॉक्टरांची वेळ घ्यायची होती. तिथे ते त्या चित्रातल्या अक्षरांपाशी अडकले आणि शेवटी रिक्षा करून समक्ष जाऊन वेळ घेऊन आले. सुरक्षितता हवीच, पण लॉगिनसाठी माणसाला कोडं सोडवायला लावायची गरज नाही, हे आता जागतिक नियमांतही लिहिलेलं आहे.

व्हिडिओला मथळे द्या, म्हणजे बोललेलं खाली अक्षरांत. आपोआप बनलेले मराठी मथळे तपासल्याशिवाय टाकू नका. आणि जन्मापासून कर्णबधिर असलेल्या बऱ्याच जणांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते, लिखित मराठी त्यांच्यासाठी दुसरी भाषा. म्हणून "सदर अर्जान्वये उपरोक्त बाब विहित मुदतीत" असलं लिहायचं सोडून "हा अर्ज १५ तारखेपर्यंत द्या" असं लिहिलं की त्यांनाही कळतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही तेच आधी कळतं.

नियम आणि कायदा

मी वर जे आकडे दिले ते डब्ल्यूसीएजी नावाच्या नियमावलीतले. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या जागतिक संस्थेने ती पहिल्यांदा १९९९ मध्ये काढली, सध्याची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ची. तिच्यात ए, डबल ए, ट्रिपल ए अशा तीन पायऱ्या आहेत. साइट बनवून घेताना "डबल ए हवं" असं करारात लिहून मागा, तेवढं पुरे. भारतात सरकारी साइटसाठी जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शिका आहे आणि आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि माहिती-तंत्रज्ञान सुगम्य असणं हा हक्क मानला. कायदा सरकारी आणि खासगी दोन्ही सेवांना लागू आहे. तरी बरीच वर्षं हे सगळं जमलं तर करा अशा थाटात चाललं होतं. राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं की सुगम्यतेचे किमान नियम बंधनकारकच हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. मग ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून खटल्याचा निकाल आला. बँक खात्यासाठी व्हिडिओ केवायसी करताना डोळे मिचकवून दाखवा म्हणतात. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या माणसाने ते कसं करायचं? न्यायालयाने दुसरे मार्ग द्यायला सांगितले आणि डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले होते, आणि म्हातारपणी ज्यांची नजर, कान, हात मंदावतात ते बहुतेक त्यात नाहीत.

स्वतः तपासायचं कसं

माउस बाजूला ठेवा. टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस, एवढ्या कळांवर तुमच्या साइटवरचं मुख्य काम पूर्ण होतंय का बघा. मग कंट्रोल आणि अधिक दाबून पान २०० टक्के करा. मग एनव्हीडीए उतरवून घ्या, डोळे मिटा आणि ऐका. एक तास पुरतो. लाइटहाउस, वेव्ह यांसारखी आपोआप तपासणारी साधनं जरूर चालवा, पण ऑल्टच्या बाबतीत ती तो आहे की नाही एवढंच सांगतात. त्यात लिहिलेलं बरोबर आहे की नाही ते माणसालाच कळतं.

साइटच्या कोपऱ्यात माणसाचं चित्र असलेलं एक गोल बटण चिकटवून साइट सुगम्य झाली असं सांगणारे विक्रेते येतील. अक्षर मोठं करणं, रंग उलटे करणं हे ते बटण करतं, पण ते फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आधीच असतं. नाव नसलेल्या बटणाला नेमकं नाव ते देऊ शकत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

त्याऐवजी ज्यांना रोज वापरायचं आहे त्यांना विचारा आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. मुंबईत विचारायला जागा आहेत: धोबी तलावाजवळच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिहीनांसाठीचं रिसोर्स सेंटर २००३ पासून चालू आहे, वरळीला नॅब ही अंधांसाठी काम करणारी संस्था आहे, वांद्र्याला वाक् व श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

आमची तपासणी काकांनी केली, वाचनालयाने रीतसर मानधन देऊन. सगळं झालं असं मी समजत होते तेव्हा त्यांनी "मुदत वाढवा" हे बटण दाबलं आणि थांबले. पुन्हा दाबलं. पुन्हा. "काही झालं का नाही?" झालं होतं, तीनदा. "मुदत वाढली" ही हिरवी पट्टी वर येऊन जात होती, पण ती आवाजात सांगावी असं कोडमध्ये लिहायचं मी विसरले होते. एकाच पुस्तकाला दीड महिन्याची मुदत मिळाली. ते त्याच दुपारी दुरुस्त केलं.

जुन्या याद्यांचं काम अजून चालू आहे. कृतिदेवमधून युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, पण रफार आणि पहिली वेलांटी ती हमखास चुकवतात. "वर्ष"चं "वषर्" होतं. नजर असल्या चुकीवरून सहज घसरते, वाचताना आपण मनातल्या मनात बरोबर करून घेतो. काकांच्या कानाला ती लगेच टोचते. शनिवारी सकाळी ते याद्या ऐकत बसतात, मधेच हात वर करतात, आणि मी ती ओळ दुरुस्त करते.